पट्टा पडल्यावर

बीटचं काम कधी संपणार, हे इथे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा यांच्या मधून उत्तरेकडे वाहणाऱ्या रेड नदीच्या काळ्याभोर, परातीसारख्या सपाट खोऱ्यात 1 ऑक्टोबरच्या सुमारास साखर-बीटची मुख्य काढणी सुरू होते. बारा-बारा तासांच्या पाळ्या, रात्रंदिवस. मग एखाद्या दुपारी ऊन तापतं आणि सगळं थांबतं, कारण कोमट कंद ढिगात रचले तर आतून सडतात. पाऊस झाला तर ट्रक रुततात. थंडी फारच पडली तरी थांबायचं. गोठून वितळलेलं बीट टिकत नाही. शेतकरी, कंपनी, फिरती घरं घेऊन हंगामापुरते आलेले, फावडं धरून उभे असलेले आम्ही म्हातारे, सगळेच आभाळाकडे बघत बसतो. आणि असंच एकदा पाळीवरून येऊन चिखलाचे बूट दाराबाहेर काढत असताना फोनवर निरोप येतो, की तुमच्या ढिगाचं काम पुरं झालं.

माझं लहानपण प्रवरानगरच्या आसपास गेलं, म्हणून असेल, मला हे सारं परकं वाटत नाही. तिथला सहकारी कारखाना शेतकऱ्यांचा. इथली मूरहेडची अमेरिकन क्रिस्टल शुगरही 1973 पासून बीट पिकवणाऱ्यांच्याच मालकीची. तिकडे कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की ऊसतोडीच्या टोळ्या कोप्या मोडून, भांडीकुंडी बैलगाडीत घालून गावाकडे निघायच्या. शाळेतून येताना आम्हाला नुसत्या चुली दिसायच्या. त्या माणसांनी निघायच्या आधी काय-काय आवरलं असेल, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

पण साम्य ताणू नये. टोळी गावाहून निघते तीच मुकादमाची उचल घेऊन, आणि हंगाम संपला तरी ती फिटलेली असेलच असं नाही. मग पुढच्या साली पुन्हा तोच मुकादम. इथे शेवटच्या दिवसापर्यंत टिकेल त्याला बोनस. तिथे माणूस आधीच बांधला जातो, इथे शेवटाच्या आशेने थांबतो. माझ्या फिरत्या घरात, म्हणजे आरव्हीत, फ्रीज आहे, गरम पाणी आहे, नवऱ्याची आणि माझी पेन्शन आहे. अर्थात शेजारच्या प्रत्येक आरव्हीत तसं असतं असंही नाही. 2008 च्या मंदीत घर किंवा साठवलेली पुंजी गेली म्हणून या वाटेला लागलेली माणसं जेसिका ब्रुडरच्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात भेटतात, त्यावरच्या सिनेमाला 2021 मध्ये ऑस्कर मिळालं आणि लोकांना रस्त्यावरची सूर्यास्ताची दृश्यं तेवढी लक्षात राहिली. स्वातंत्र्य, स्वातंत्र्य म्हणतात ते कुणाच्या वाट्याला हौसेने येतं आणि कुणाच्या वाट्याला नाइलाजाने, हे कॅम्पवर उभ्या गाड्यांकडे बघून कळत नाही.

आवराआवर मात्र सगळ्यांना सारखीच. पहिलं काम टाक्यांचं. संडासाची टाकी आधी सोडायची, मोरीच्या पाण्याची नंतर, म्हणजे साबणाचं पाणी जाता-जाता पाइप धुऊन नेतं. हातमोजे घालून, नाक वळवून, पण नजर न वळवता करायचं हे काम. मिनिआपोलिसच्या आमच्या घरात वर्षानुवर्षं काय वाहून गेलं ते मी कधी पाहिलं नाही; एक खटका दाबला की विषय संपायचा. इथे मुक्कामभर जे खाल्लं-प्यायलं त्याचा हिशेब देऊनच फाटक ओलांडता येतं. मला हे आवडतं, असं म्हटलं की मुलगी फोनवर हसते.

मग पाणी किती भरून न्यायचं यावर आमचं नवरा-बायकोचं भांडण. लिटरमागे किलो, तेवढं डिझेल जास्त; पण वाटेत नळ गोठलेले निघाले तर? मी अर्धी टाकी म्हणते, तो पाव म्हणतो. गॅस बंद. फ्रीजच्या दाराला खिटी. मिसळणाचा डबा टॉवेलात गुंडाळून सिंकमध्ये, कारण हळद एकदा सांडली की ती गाडीची कायमची रहिवासी. बाजूला सरकवलेली खोली आत ओढायची, मग खालचे जॅक वर घ्यायचे, टायरची हवा बघायची. विजेची तार सगळ्यात शेवटी. ओहायोचे एक निवृत्त बसचालक तीन घरं सोडून असतात. ते उरलेलं सरपण आणि अर्धी बाटली तेल आमच्या पायरीवर ठेवून गेले. प्रत्येक जण वजन कमी करत असतो, म्हणून निघायच्या दिवशी कॅम्पवर भलतीच उदारता पसरते.

घाई करायला हवी, कारण पाइप फुटायला एक कडक रात्र पुरते. बहुतेकांची चाकं आता दक्षिणेकडे, ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटकडे. तिथल्या सरकारी वाळवंटात 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा दीर्घ मुक्काम परवाना काढून करता येतो. गावच्या दफनभूमीत हाजी अलीची पिरॅमिडसारखी समाधी आहे, माथ्यावर तांब्याचा उंट. अमेरिकी लष्कराने 1856 मध्ये उंट आणवून पाहिले, त्यांच्यासोबत हा उंटवाला समुद्रापारहून आला, लष्कराने उंटांचा नाद सोडला तरी तो इकडेच राहिला आणि 1902 मध्ये इथेच वारला. हिवाळ्यात त्याच्याभोवती चाकांवरच्या घरांचं गाव वसतं.

आमची नंबरप्लेट साउथ डकोटाची. त्या राज्यात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवेचा पत्ता दाखवला की वाहनचालक परवान्यापुरते तुम्ही रहिवासी. प्रवरेकाठच्या माझ्या भावाला हे सांगितलं तर तो विचारतो, “म्हणजे राहता कुठं नेमकं?” सध्या एकोणतीस नंबरच्या हमरस्त्याच्या तोंडाशी. नवरा आत बसून एकेक दिवा लावतोय, मी मागे उभी राहून ओरडतेय: डावा, हो, उजवा, हो, ब्रेक... ब्रेक दाबलास का? पुन्हा दाब. आणि थांब जरा, प्लेटवरचा हा बीटचा चिखल पुसते, नाहीतर फार्गोच्या पुढे पहिलाच पोलीस अडवेल.