घराची पोथी

माझ्या भाच्याकडे एक देखणं चित्रपुस्तक आहे. घराला कंटाळलेलं पिल्लू बाहेर पडतं, जग फिरतं आणि दमून घरी परततं. गेल्या मे महिन्यात तो पिंगुळीला आजोळी आला, तेव्हा ते पुस्तक सोबत होतं. माझ्या आईनं, म्हणजे त्याच्या आजीनं, पानं निरखून पाहिली आणि म्हणाली, "घर बरा आसा, पण ह्येका खळा खंय?"

मी त्याला आमचं घर काढायला सांगितलं. त्यानं त्रिकोणी छप्पर आणि धुराडं काढलं. आमच्या घराला धुराडं नाही. चुलीचा धूर छपरावरच्या नळ्यांमधून वाट काढतो. "इथं काढण्यासारखं आहे काय?" त्यानं विचारलं. म्हणून मी त्याला गुढीपुरात नेलं.

गुढीपूर आमच्याच गावात. चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला, जपणाऱ्या ठाकर कलावंतांची ही वस्ती. सावंतवाडी संस्थानचा आश्रय त्यांच्या कलेला होता. पुढे तो सुटला आणि पोट भरणं कठीण झालं. तरी परशुराम गंगावणे यांनी पोथ्या आणि बाहुल्या टिकवल्या, आपल्या गुरांच्या गोठ्यात त्यांचं संग्रहालय उभं केलं. 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, त्या दिवशीचा आनंद आम्हा गाववाल्यांना अजून पुरतो आहे.

भाच्याला आधी कळसूत्री बाहुल्यांनी ओढलं. पण तो रेंगाळला पोथीपाशी. चित्रकथीची पोथी शिवलेली नसते. सुटे कागद, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथेकरी एक चित्र समोर उभं करतो, वाद्याच्या साथीनं प्रसंग गातो, सांगतो, मग पुढचं चित्र. रामायण-महाभारतातली माणसं एका अंगानं दिसतात, डोळे टपोरे. आणि चित्रावर कथा लिहिलेली नसते. सगळी कथा सांगणाऱ्याच्या तोंडात. छापील पुस्तकात लेखक आपल्यासाठी सगळं जाणून असतो. इथं चित्र उचलणाऱ्यालाच ते जाणावं लागतं. मला ही पद्धत मुलांसाठी फार मोलाची वाटते.

घरी येऊन त्यानं जाड कागद मागितले. घराची पोथी करायची ठरली. पहिलं चित्र खळ्याचं, म्हणजे घरापुढच्या अंगणाचं. पण त्यावर सांगायचं काय? मग तो आजीच्या मागे लागला. पावसात खळं राहत नाही, भात झोडायच्या आधी ते नव्यानं चोपून सारवावं लागतं, हे त्याला तेव्हा कळलं. पडवीला झापं कशाला बांधतात, तर तिरक्या पावसाचा मार भिंतीला लागू नये म्हणून. सुपात सुकणारी सोलं, आगोटीसाठी भरून ठेवलेली सुकी मासळी, मांगरातलं जुनं जोत, सगळ्याची चौकशी झाली. गणपतीच्या मागची भिंत दरवर्षी रंगवतात हे ऐकल्यावर त्यानं भिंतीला हात लावून जुन्या रंगाचे थर पाहिले. विहिरीचं चित्र आजीनं दोनदा परत केलं, कारण रहाट चुकीच्या बाजूला होता.

एका संध्याकाळी पडवीत खेळ झाला. शेजारची मुलं बसली. त्यानं पत्र्याचा डबा वाजवला, पहिलं चित्र उभं केलं आणि खणखणीत आवाजात खळ्यापासून सुरुवात केली. आजी मध्येच बोलायची, "ता नाय, आधी माजघर सांग." तो थांबून माजघराचं चित्र शोधायचा. शेजारचा एक मुलगा म्हणाला, "आमच्या घराचीपण करूया."

आता दोन पोथ्या झाल्या आहेत. माझ्या मनात आहे की आमच्या भागातल्या शाळांनी गुढीपुरातल्या कलावंतांना मानधन देऊन वर्गात बोलवावं आणि प्रत्येक मुलाकडून एकेक घर मांडून घ्यावं. कौलारू असो की स्लॅबचं, भाड्याच्या खोलीचंसुद्धा. भाच्यानं आपल्या डोंबिवलीच्या घराची पोथी सुरू केली आहे. परवा त्यानं फोनवर विचारलं, गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीला वृंदावन म्हणायचं का. आजीनं हो म्हटलं.