पिशवीचे दुखणे

गेली तीस वर्षे मी मराठी शिकवतो आहे. समानार्थी शब्द चुकला म्हणून मुलांचे गुण कापण्यात माझी हयात गेली. पण तीन वर्षांपूर्वी, पेडण्याच्या दसऱ्याच्या दिवसांत, एक कागद हाती आला आणि त्यातला मजकूर बायकोला कसा सांगावा, याला मला शब्द सापडेना.

कागद तिच्याच तपासणीचा होता. वय अठ्ठेचाळीस, तक्रार काहीच नाही. अंगणवाडीच्या बाई मागे लागल्या म्हणून ती आरोग्य केंद्रात तपासणीला गेली, तिथून मोठ्या रुग्णालयात, आणि तिथून हा निकाल आला : सी.आय.एन. ३. डॉक्टरीणबाई आमच्याशी कोकणीत बोलल्या, नेमके शब्द तेवढे इंग्रजीत. बाहेर आल्यावर सौ.ने विचारले, "ते इंग्रजीत काय म्हणाल्या?" मी म्हणालो, "काही नाही गं, पिशवीचं जरा आहे."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. कारण पिशवीचे दुखणे म्हणजे काय, हे आमच्या घराला ठाऊक होते.

माझी आत्या डिचोली तालुक्यात मयें गावी दिलेली. १९८२ सालची गोष्ट, मी तेव्हा चौदा वर्षांचा. धालोंच्या मांडावर रात्ररात्र गाणारी, चारचौघींत मोकळेपणी बोलणारी बाई. पाळी जाऊन चार वर्षे झाल्यावर तिच्या अंगावरून पुन्हा जाऊ लागले. विटाळ परत आला असे समजून तिने तुळशीला पाणी घालायचे काम सुनेवर सोपवले, देवघरात जाणे सोडले. आम्हांला वाटले, आत्या आता थकली. दीड वर्ष तिने कोणाला काही सांगितले नाही. कमरेतली कळ सोसेना तेव्हा वडील तिला घेऊन बसने मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात गेले. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. तिथे बाहेरून आणि आतून किरण दिले. पण रोग ओटीपोटाच्या हाडांपर्यंत पोचला होता. पुढच्या वर्षी चवथीच्या आधी ती गेली. वडील विचारणाऱ्यांना सांगत, "पिशवीचं दुखणं झालं." त्यापुढे कोणी काही विचारत नसे.

हे सारे मनात असल्यामुळे दुसऱ्या भेटीत मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "एकदाची पिशवीच काढून टाका, म्हणजे घोर नको." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मास्तर, एक कौल फुटलं तर आपण कौल बदलतो. घर पाडत नाही." मग त्यांनी कागदावर चित्र काढले. गर्भाशय म्हणजे उपडा धरलेला गडू. गडूचा निमुळता गळा म्हणजे गर्भाशयाचे मुख. बिघाड होता तो त्या मुखाच्या वरच्या कातडीत. आणि तो कॅन्सर नव्हता, कॅन्सरच्या आधीची पायरी होती.

त्यांनी सांगितले ते माझ्या भाषेत देतो. हा रोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. शरीरसंबंधातून तो येतो आणि बहुतेक संसारी माणसांना केव्हा ना केव्हा नकळत होऊन जातो. त्यात कोणाचे चारित्र्य शोधू नये. नव्वद टक्क्यांच्या आसपास बायकांच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात ठाण मांडून राहतो, त्यांच्यातल्या काहींच्या मुखाची कातडी बदलू लागते आणि तिथून कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. एवढी दीर्घ मुदत देणारे रोग थोडेच असतील. पण या मुदतीत दुखत नाही, खुपत नाही. शोधायला गेले तरच सापडते.

बदल सौम्य, म्हणजे सी.आय.एन. १ असेल, तर बहुधा नुसती देखरेख पुरते. पुष्कळदा तो आपसूक नाहीसा होतो. २ आणि ३ ला सहसा उपचार करतात. डाग लहान आणि पूर्ण दिसत असेल तर तो गॅसने गोठवून किंवा उष्णतेने जाळून टाकता येतो. नाहीतर विजेवर तापणाऱ्या तारेच्या बारीक वळ्याने तेवढी कातडी कापून काढतात. त्याला लीप म्हणतात. डाग गळ्याच्या आत शिरला असेल तर शंकूच्या आकाराचा तुकडा काढतात. कापलेला तुकडा तपासता येतो, हा त्यातला फायदा. आणि आत लपलेला कॅन्सर असताना घाईने साधी पिशवी काढली, तर पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याची प्रकरणे उजेडात आली, तेव्हा कित्येकींना कॅन्सरचीच भीती घातली गेल्याचे वाचले होते. भीतीपोटी मीही तेच मागत होतो.

सौ.चे लीप झाले. भूल तेवढ्या जागेपुरती, वेळ वीसेक मिनिटे, संध्याकाळी आम्ही घरी. तीन आठवडे पाण्यासारखे जात राहिले. जड उचलायचे नाही, संबंध टाळायचा, एवढीच पथ्ये. तुकड्यात कॅन्सर नव्हता आणि कडा स्वच्छ होत्या. सहा महिन्यांनी पुन्हा तपासले, पुढेही तपासण्या चालू राहतील. हे सारे मी तिच्या संमतीने लिहितो आहे.

कॅन्सर झालाच तर काय? मुखापुरता असेल तर शस्त्रक्रिया करतात. अगदी लहान गाठ असलेल्या तरुण स्त्रीचे फक्त मुख काढून गर्भाशय राखणेही कधी कधी शक्य असते. रोग भोवती पसरला की मुख्य उपचार किरणांचा, बाहेरून आणि आतून, जोडीला आठवड्याला सिस्प्लॅटिन हे औषध. आत्याच्या वेळी या औषधाची जोड देण्याची रीत नव्हती. टाटा रुग्णालयाने आत्यासारख्याच पुढच्या टप्प्यातल्या ८५० बायकांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली आले : नुसत्या किरणांनी पाच वर्षे जगणाऱ्या शंभरात ४६, औषधाची जोड दिल्यावर ५४. त्या आठ जणींचे मोल मोठे आहे. पण कित्येक आठवड्यांचे ते हाल एका पारड्यात आणि आमची वीस मिनिटे दुसऱ्यात, असे मी मनाशी मांडून पाहतो.

आणि शोधायला फार मोठी विद्या लागते असेही नाही. १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवडे शिकवून तयार केले. त्या सौम्य व्हिनेगर मुखावर लावत. बिघडलेली कातडी मिनिटभरात पांढरी दिसते. बारा वर्षांत या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, बायकांची एकदाच एचपीव्ही तपासणी केली, तर आठ वर्षांत मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तो निष्कर्ष २००९ सालचा. दरवर्षी माझ्या शाळेतून दहावी होऊन मुली बाहेर पडतात. त्यांच्याकडे मी आता जरा वेगळ्या नजरेने पाहतो.

सीमाभागातल्या आपल्या घरांत दोन-दोन, तीन-तीन भाषा नांदतात. घरात एक, शाळेत दुसरी, दवाखान्यात तिसरी. आपल्या भाषेच्या हक्कासाठी आपण भांडलो, भांडतोही. पण नेमक्या या जागेला आमच्या घरात एकाही भाषेत शब्द नव्हता. सगळ्यावर 'पिशवी' घालून आम्ही तोंड बांधून टाकले होते, आणि आत्या त्यातच गेली.

गेल्या वर्षी मी पालकसभेला आरोग्य केंद्रातल्या परिचारिकाबाईंना बोलावले. ओळख करून देताना 'गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर' हे शब्द मीच उच्चारले. माझे कान तापले, पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर तोंडाला लावले. तीस ते पासष्ट वयाच्या बाईने तपासणी करून घ्यावी, मुलींसाठी लस आहे, पाळीशिवाय अंगावर गेले तर वाट पाहू नये, असे बाईंनी सांगितले. प्रश्न कोणीच विचारला नाही.

सभा उठल्यावर मात्र नातीला न्यायला आलेली एक आजी मागे रेंगाळली. मी बाजूला झालो, तरी तिचा हलका आवाज कानी आला, "बाई, पाळी गेल्यावर परत आलं, तर तो विटाळ नव्हे ना?"

बाईंनी तिला खुर्चीवर बसवले आणि वहीत तिचे नाव लिहून घेतले. पुढचे मी विचारले नाही. तिने विचारले होते, तेवढे मला पुरेसे होते.