ख्यातीचे मूल्य

‘ख्याती’ हा शब्द आम्ही मराठीच्या वर्गात शिकवतो. वाणिज्याच्या पाठ्यपुस्तकात तोच मालमत्तेच्या बाजूला बसतो. ब्रिटनमधील कॅरिलियन या बांधकाम व देखभाल कंपनीने २००६ साली मोलेम ही कंपनी सुमारे ३५ कोटी पौंडांना घेतली आणि ताळेबंदात तिची ख्याती सुमारे ४३ कोटींची मांडली. म्हणजे ख्याती वगळता मोलेमच्या मालमत्तेपेक्षा देणेच अधिक होते! अशा खरेद्यांतून साठलेली ख्याती २०१६ अखेर १५७ कोटींवर गेली. लेखापरीक्षकांनी सही केली. १५ जानेवारी २०१८ रोजी कॅरिलियन अवसायनात निघाली, आणि सुमारे ४३,००० कर्मचाऱ्यांची भाकरी टांगणीला लागली. नाव झाकल्यावर उरते किती, हा प्रश्न कंपनी घेताना आणि काव्यसंग्रह पारखताना आम्हांस सारखाच अटळ वाटतो.