गुणांची वही

शाळा सोडून आम्हांस पुष्कळ वर्षें लोटलीं. तरी बारामतीहून इंदापुरास जाणारी एस. टी. दृष्टीस पडली, कीं आम्हांस गुणांची एक वही आठवते. त्या वहीची हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

आम्ही तेव्हां नववींत होतों. शाळेच्या खो-खो संघांत पळण्यामध्यें आमचा हात धरणारा कोणी नाहीं, असें मित्र म्हणत, आणि तें आम्हांस खरेंही वाटे. आमचे सर दिवसा भूगोल शिकवीत व सायंकाळीं शिट्टी घेऊन मैदानावर उभे राहत. त्यांच्या तोंडून 'शाब्बास' हा शब्द आम्हीं कधीं ऐकला नव्हता.

त्या वर्षीं तुकोबारायांची पालखी बारामतीहून पुढें निघाली, तेव्हां सरावास न जातां आम्ही बेलवडीचें रिंगण पाहावयास गेलों. वारकऱ्यांच्या मधून दौडणारा अश्व डोळे भरून पाहिला. दुसऱ्या दिवशीं सरांनीं विचारलें, तेव्हां 'ताप आला होता' असें बिनदिक्कत सांगून मोकळे झालों. परंतु कानामागें राहिलेला बुक्क्याचा ठिपका आमच्याहून सत्यवादी निघाला! सरांची दृष्टि त्यावर क्षणभर थांबली; ते बोलले मात्र कांहींच नाहींत. रिंगण पाहणें हा अपराध नव्हे. विचारलें असतें तर त्यांनीं आनंदानें रजा दिली असती. अपराध होता तो खोटें बोलण्याचा.

पुढें इंदापुरास सामना होता. गडी मैदानांत उतरले, तेव्हां सरांनीं आमचें नांव वगळलें आणि आमच्या हातीं संघाची गुणांची वही दिली. आमचा संघ एका गुणानें हरला. विरुद्ध पक्षाचा तो शेवटचा गुण मांडतांना आमचा हात थरथरला, पण मांडला. गांवीं परतल्यावर पालकांनीं सरांस बोल लाविला. खुद्द आमच्या वडिलांनींही त्यांना दोन कठोर शब्द सुनावले. सरांनीं आमच्या लबाडीचा उच्चारही केला नाहीं, आणि आम्हीही मूग गिळून बसलों.

कालांतरानें कैलासवासी रमाकांत आचरेकर यांच्याविषयीं वाचलें, तेव्हां या मौनाचा अर्थ थोडा थोडा उलगडूं लागला. १९३२ सालीं जन्मलेले हे मालवणचे गृहस्थ स्वतः प्रथम श्रेणीचा एकच क्रिकेट सामना खेळले, तो १९६३-६४ च्या हंगामांत स्टेट बँकेकडून. परंतु मुंबईच्या शिवाजी पार्कवर त्यांनीं घडविलेल्या शिष्यांची नामावळि पाहावी: सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, अजित आगरकर! सरावाच्या अखेरीस ते यष्टीवर रुपयाचें नाणें ठेवीत. तेंडुलकरांस जो बाद करील त्याचें तें नाणें. कोणींच बाद न केल्यास तें तेंडुलकरांचें. अशीं तेरा नाणीं या शिष्यानें जपून ठेविलीं. एकदां स्वतःचा सामना सोडून सचिन शाळेच्या मोठ्या मुलांचा सामना पाहत बसला, तेव्हां गुरूंनीं त्यास फटकारलें, कीं दुसऱ्यांसाठीं टाळ्या पिटण्यापेक्षां लोक तुझ्यासाठीं टाळ्या पिटतील असें खेळ. १६ नोव्हेंबर २०१३ रोजीं वानखेडे मैदानावर निरोपाचें भाषण करतांना तेंडुलकर म्हणाले, कीं एकोणतीस वर्षांत सरांनीं आपणांस 'छान खेळलास' असें एकदांही म्हटलें नाहीं. शिष्य गाफील राहील, हीच त्यांना भीति! १९९० सालीं द्रोणाचार्य पुरस्कार व २०१० सालीं पद्मश्री देऊन सरकारनें त्यांचा गौरव केला. २ जानेवारी २०१९ रोजीं ते निवर्तले, तेव्हां शिष्यांनीं त्यांस खांदा दिला.

प्रशिक्षकाच्या जमाखर्चाची रीतच अशी, कीं जमा शिष्याच्या नांवें पडते आणि खर्च त्याच्या स्वतःच्या. आमच्या सरांनीं आमच्यासाठीं केवढा खर्च सोसला, तें हें वाचल्यावर कळलें. तेव्हां आम्ही त्यांच्या घरीं गेलों. सर आतां फार थकले होते. आम्हीं सारें कबूल केलें. वडिलांच्या शब्दांबद्दलही क्षमा मागितली. ते हंसून म्हणाले, "बुक्का मीं तेव्हांच पाहिला होता रे! तो सामना जिंकावा असें मलाही फार वाटत होतें." मग थोडें थांबून म्हणाले, "पण शेवटचा गुण वहींत तूं खरा मांडलास. शाब्बास!"

तो एक शब्द आम्हीं आचरेकर सरांच्या नाण्यासारखा जपून ठेविला आहे.

विद्यार्थी बंधुभगिनींस याहून अधिक काय सांगावें? पालकांस मात्र एक विनंति: आपल्या मुलाचें नांव संघांतून वगळलें गेलें, तर सरांस बोल लावण्यापूर्वीं त्याच्या कानामागें एकदां अवश्य पाहावें.