साभार परत

मराठींत कविता लिहूं लागलेल्या माणसास संपादकांचे जे दोन शब्द सर्वांत आधीं पाठ होतात, ते 'साभार परत' हे होत. शब्द मोठे सभ्य आहेत. पहिल्यानें नमस्कार करावा आणि दुसऱ्यानें दार लावून घ्यावें, असा या जोडीचा स्वभाव. आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलामुलींच्या वह्यांच्या शेवटच्या पानांवर कविता असतात, हें आम्ही जाणतों. म्हणून या दोन शब्दांविषयींचा आमचा अनुभव त्यांच्यापुढें व त्यांच्या आईवडिलांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आम्ही गेलीं वीस वर्षें भाषा शिकवीत आहों आणि तितकींच वर्षें मासिकांकडे कविता पाठवीत आहों. पूर्वीं कवितेबरोबर आपला पत्ता लिहिलेलें व तिकीट लावलेलें दुसरें पाकीट घालण्याची चाल होती. म्हणजे कविता परत येण्याची तजवीज कवीनेंच पदरच्या पैशानें करून ठेवावयाची! पोस्टमनच्या हातांतील आपलें अक्षर दुरून ओळखूं यावें आणि पाकीट फोडण्यापूर्वींच आंतील निकाल कळावा, हा प्रसंग आमच्यावर किती वेळां आला, त्याची गणती आम्हीं सोडून दिली आहे. हल्लीं कविता ई-मेलनें जातात. नकार दोन ओळींत येतो, किंवा कांहींच येत नाहीं. आणि तें कांहीं न येणेंच आम्हांस अधिक जड जातें.

परत आलेल्या कवितेचें आम्ही काय करतों, तें सांगतों. तिच्यावर तारीख घालून ती लोखंडी ट्रंकेंत ठेवतों व महिनाभर तिला हात लावीत नाहीं. मग ती काढून मोठ्यानें वाचतों. जेथें जीभ अडखळते तेथें खूण करतों. एकदां एका संपादकांनीं छापील चिठ्ठीखालीं शाईनें 'शेवटचें कडवें नको' एवढेंच लिहिलें होतें. महिन्यानें वाचून पाहिलें, तों कविता खरोखरीच त्याच्या आधीं संपली होती. तें कडवें गाळलें, आणि ती कविता दुसऱ्या एका मासिकांत छापून आली. परंतु अशी चिठ्ठी विरळा. कविता कच्ची म्हणून परत आली, कीं केवळ जागा नव्हती म्हणून, हें छापील नकारावरून मुळींच कळत नाहीं. तें ठरविण्याचें काम शेवटीं आपल्याच कानाकडे येतें.

धीर खचला म्हणजे आम्ही आपल्या जिल्ह्याकडे पाहतों. 'बी' या एका अक्षराआड राहून लिहिणारे नारायण मुरलीधर गुप्ते यांचा जन्म १८७२ सालीं मलकापुरास झाला. वऱ्हाडांत कारकुनी करीत त्यांनीं आयुष्यभरांत लिहिलेल्या कविता पन्नासांच्या आंतच भरतात. आणि 'फुलांची ओंजळ' हा त्यांचा पहिला संग्रह निघाला १९३४ सालीं, त्यांच्या वयाच्या बासष्टाव्या वर्षीं! त्यांची 'चाफा' ही कविता पुढें लता मंगेशकर यांच्या गळ्यांतून घरोघर गेली. ती ऐकण्यास कवि मात्र नव्हते, ते १९४७ सालींच वारले. मेहकरचे ना. घ. देशपांडे यांची गोष्ट याहून निराळी. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनीं गाऊन ग्रामोफोनच्या तबकडीवर आणली. पण त्याच नांवाचा त्यांचा पहिला संग्रह निघावयास पुढें सुमारें वीस वर्षें जावीं लागलीं. तो १९५४ सालीं निघाला. १९८६ मध्यें त्यांस साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या मधल्या सर्व वर्षांत मेहकरांत वकिली चालू होती आणि कविताही चालू होती.

जिल्ह्याबाहेर पाहिलें तरी हाच प्रकार दिसतो. केशवसुत १९०५ सालीं निवर्तले आणि त्यांच्या कवितांचें पुस्तक निघालें १९१७ सालीं. इंग्लंडांतील हॉपकिन्स हे जेसुइट पंथाचे धर्मोपदेशक. जहाज फुटून बुडालेल्यांवर रचिलेली आपली दीर्घ कविता त्यांनीं १८७६ सालीं आपल्याच पंथाच्या मासिकाकडे दिली, आणि ती छापली गेली नाहीं. ते १८८९ मध्यें वारले. मित्रानें जपून ठेवलेल्या त्यांच्या कविता १९१८ सालीं पुस्तकरूपानें बाहेर आल्या. आज इंग्रजी शिकणारांस त्या वाचाव्या लागतात.

पण या गोष्टींवरून कोणी असें समजूं नये, कीं परत आलेली प्रत्येक कविता एक दिवस गाजणार आहे. बहुतेक गाजत नाहींत. आमच्या ट्रंकेंतील बहुतेक गाजणार नाहींत. मग लिहावयाचें कशासाठीं? यंदा या वार्षिकासाठीं कविता निवडण्याचें काम आमच्याकडे होतें. पानें थोडीं, वह्या पुष्कळ. नववींतील एका मुलीस वही परत देतांना ती म्हणाली, "सर, मी आतां लिहिणार नाहीं." आम्हीं तिला वहीचें एक पान उघडून दाखविलें. त्यांत वेचणीच्या दिवसांत तिच्या आईच्या बोटांस कपाशीच्या बोंडांचे ओरखडे पडतात, असें दोन ओळींत लिहिलें होतें. आम्हीं विचारलें, "बाळ, हें लिहिण्यापूर्वीं तूं तीं बोटें इतकीं नीट पाहिलीं होतींस का?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनें नाहीं म्हटलें, आणि वही दप्तरांत ठेवली. तेवढें पाहणें तिच्यापाशींच राहिलें आहे. तें कोणत्याही संपादकास परत पाठवितां येत नाहीं.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलाची कविता छापली गेली नाहीं, तर "हे रिकामे उद्योग सोड" असें म्हणूं नका, आणि "निवडणारांस कांहीं कळत नाहीं" असेंही म्हणूं नका. पहिल्यानें मूल लिहिणें सोडतें, दुसऱ्यानें तें शिकणें सोडतें. संध्याकाळीं कामें आटोपल्यावर ती कविता एकदां त्याच्याकडून वाचवून घ्या व शेवटपर्यंत ऐका.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या कविता परत आल्या असतील तर त्यांवर तारीख घाला आणि महिन्यानें उघडून मोठ्यानें वाचा. पुढील वार्षिकासाठीं वह्या घेऊन या. पानें तेव्हांही थोडींच असतील, पण प्रत्येक वही आम्ही अथपासून इतिपर्यंत वाचूं.