पोकर आणि चिंचोके

पत्त्यांच्या खेळांतही आमच्या मध्यमवर्गीय घरांनी सोवळे-ओवळे पाळलेले आहे. बदामसात, झब्बू आणि मेंढीकोट हे सोवळ्यातले. तीन पत्ती ओवळ्यातली. आणि पोकर तर परदेशी म्हणून दुप्पट ओवळ्यातला. वास्तविक आमच्या शास्त्रकारांनी इतका पंक्तिभेद केलेला नाही. कोजागिरीची रात्र अक्षक्रीडेत जागून काढावी असे व्रत सांगितलेले आहे, आणि बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असे दुसरे नावच आहे. तथापि धर्मराजाची जी गत झाली ती ऐकत वाढलेल्या समाजाला पटाची धास्ती वाटावी, यात नवल नाही.

आमच्या घरी पोकर आला तो अमेरिकेत नोकरीस असलेल्या आमच्या भाच्याबरोबर. पैशाने खेळावयाचे नाही या अटीवर आमच्या आत्याबाईंनी परवानगी दिली आणि नाण्यांच्या जागी चिंचोके आले. पहिले दोन दिवस खेळात काही राम वाटेना. कोणी कितीही चिंचोके पुढे सारले तरी डाव सोडावयास कोणी तयार नसे. चिंचोक्यांचे भय ते कसले? अखेर ज्याच्यापाशी सर्वांत कमी चिंचोके उरतील त्याने रात्रीची सारी भांडी घासावयाची असा ठराव झाला, आणि त्या क्षणापासून मंडळींचे चेहरे बदलले. इंग्रजीत ज्याला ब्लफ म्हणतात त्याला आमच्या भाषेत 'हूल' हा नेमका शब्द आहे. समोरच्यास गमावण्याचे भय असेल तरच हूल चालते, हे आम्हांस पुस्तकावाचून कळले.

एकोणिसाव्या शतकात मिसिसिपी नदीवरील आगबोटींतून पसरलेल्या या खेळाचे प्रकार अनेक आहेत. आज सर्वत्र रूढ असलेला प्रकार टेक्सास होल्डेम हा होय. प्रत्येकास दोन पाने झाकून वाटतात. मग मध्ये प्रथम तीन, नंतर एक आणि शेवटी आणखी एक अशी पाच पाने सर्वांसाठी उघडी मांडतात. आपली दोन आणि मधली पाच यांतून उत्तम पाच निवडावयाची. पाने वाटल्यावर आणि पुढील प्रत्येक टप्प्यावर बोली होते: वाढवा, बरोबरी करा, किंवा पाने टाकून बाजूस व्हा. सर्वांनी टाकली तर उरलेला एकटा, पाने न दाखवताच, मधली रास नेतो.

सारी खुबी पहिल्या दोन पानांत आहे. ५२ पानांतून दोन पानांच्या १३२६ जोड्या होतात. त्यांत दोन एक्क्यांच्या अवघ्या ६. म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा हे दर्शन घडते. कोणतेही जोडपान १७ डावांत एकदा येते. उरलेला सर्व काळ हाती येतात ती सत्ती-दुर्री आणि तत्सम प्रजा. नवखा मनुष्य येथेच फसतो. दोन्ही पाने इस्पिकची दिसली की त्याला हर्ष होतो; परंतु पहिल्या तीनही उघड्या पानांत इस्पिकच येण्याचा संभव शेकडा एकाहूनही कमी आहे. भाच्याने आम्हांस प्रथम एकच धडा घोकविला: "मामा, टाकायला शिका." पहिल्याने बोलण्याची पाळी असेल तर मोठी जोडपाने किंवा एक्का-राजा यांसारखाच हात खेळावा, शेवटी बोलावयाचे असेल तर इतरांची चाल आधी दिसते, म्हणून हात थोडा सैल सोडावा. हा नियम ऐकावयास सोपा, परंतु पाळावयास कठीण. कारण तासभर नुसती पाने टाकीत बसणे हे आमच्यासारख्या बोलक्या माणसांस शिक्षेसारखे वाटते.

त्यातही घातकी म्हणजे मधला हात. सत्ती-दुर्री कोणीही टाकतो. परंतु एक्का आणि छक्की आली म्हणजे एक्का टाकवत नाही. मध्ये दुसरा एक्का उघडला की आपण फुलून जातो, आणि ज्याच्यापाशी एक्का-राजा आहे तो शांतपणे आपले चिंचोके ओढून नेतो. असा हात जिंकतो तेव्हा थोडे जिंकतो आणि हरतो तेव्हा फार हरतो. शिवाय एकदा चिंचोके घातले म्हणजे 'इतके घातले, आता सोडू कसे?' हा विचार सुरू होतो. वस्तुतः राशीत पडलेला चिंचोका आपला राहिलेला नसतो. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात दोन हात रुंदीच्या बोळासाठी भाऊभाऊ वर्षानुवर्षे कोर्टात भांडले. बोळाची किंमत केव्हाच खर्चून झाली होती. दावा चालू होता तो केवळ झालेल्या खर्चाखातर. हा मधल्या हाताचाच खेळ होय.

आता हूल केव्हा द्यावी? बुडापेस्ट येथे १९०३ साली जन्मलेल्या जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ साली खेळांच्या गणितावर एक निबंध लिहिला. पुढे १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्याने पोकरच्या एका साध्या नमुन्याचा हिशेब मांडला. त्यातील निष्कर्ष असा की, मोठी बोली उत्तम हातांवर करावी आणि काही अगदी वाईट हातांवर करावी. मधल्यांवर करू नये. मधल्या हाताने हूल दिली तर आपल्याहून वाईट असलेले पळतात आणि आपल्याहून चांगले असलेले थांबतात. मग मिळवले काय? वाईट हाताला मात्र हुलीवाचून जिंकण्याचा दुसरा मार्गच नसतो.

हुलीलाही प्रमाण आहे. राशीत १०० चिंचोके असता आपण १०० घातले, तर समोरच्याला २०० मिळवण्यासाठी १०० घालावे लागतात. तेथे आपल्या तीन बोलींत दोन खऱ्या आणि एक हूल असावी. मग समोरच्याने पाने टाकली काय आणि बरोबरी केली काय, त्याचा लाभ सारखाच. तीनही खऱ्या असल्या तर आपल्या बोलीला कोणी उत्तरच देत नाही, आणि दोन हुली झाल्या तर प्रत्येकजण उत्तर देतो. समोर एकच गडी असेल तेव्हा हूल द्यावी. तिघे असतील आणि प्रत्येकजण निम्म्या वेळा सोडणारा असेल, तर तिघांनीही सोडण्याचा संभव आठांत एक उरतो. एका रंगाची चार पाने जमली असून दोन पाने उघडावयाची असतील तर हूल अधिक शोभते. कारण ती पकडली गेली तरी तीन डावांत सुमारे एकदा पाचवे पान येऊन ती खरी होते. आणि जो कधीच पाने टाकीत नाही त्याला हूल देणे म्हणजे बहिऱ्यापुढे कीर्तन करणे होय.

हूल म्हणजे चेहरा दगडासारखा ठेवण्याची कला, अशी समजूत आहे. परंतु २०१७ साली पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस नामक यंत्राने चार कसलेल्या खेळाडूंशी एकूण १,२०,००० डाव खेळून त्यांस हरविले. त्या यंत्राला चेहराच नव्हता, आणि तरी ते बेधडक हूल देत होते! सारे काम प्रमाणाचे होते.

हे सर्व आम्ही आत्याबाईंस समजावून सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, म्हणजे मुलांना तू हिशेबाने खोटे बोलायला शिकवतोस!" आक्षेप हलका नव्हे. हूल हे खोटे बोलणे नसून सर्वांनी आधी मान्य केलेली चाल आहे, हे आमचे उत्तर त्यांस पटले नाही. तेव्हा आम्ही नलोपाख्यान काढले. ऋतुपर्णापाशी अयोध्येस लपलेल्या नळाला बाहेर काढण्यासाठी दमयंतीने दुसऱ्या स्वयंवराची वार्ता पाठविली, आणि तीही 'उद्या सूर्योदयी' अशा मुदतीने. एवढ्या अवधीत तितके अंतर रथ हाकणारा नळाखेरीज दुसरा कोण? स्वयंवर तर मुळी नव्हतेच. ती शुद्ध हूल होती. एकाच गड्यासाठी, नेमक्या वेळी, आणि हाती दुसरे काही उरले नसता दिलेली.

आत्याबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "दमयंतीने जन्मात एकदा हूल दिली, रे. म्हणून तर ती खरी वाटली. तुम्ही रात्रीत वीसदा देता."

फॉन नॉयमनच्या गणितात दमयंतीच्या पूर्वचरित्राला जागा नाही. आमच्या घरच्या पटावर मात्र त्याच्यावाचून चालत नाही. हूल हे पतीवर काढलेले कर्ज आहे, आणि ती पत टाकलेल्या पानांनी आणि खऱ्या बोलींनी साठवावी लागते. आत्याबाई त्यानंतर आमच्यात खेळावयास बसू लागल्या. बहुतेक पाने त्या टाकतात, क्वचित बोलतात, आणि बोलल्या की आम्ही सारे निमूटपणे पाने खाली ठेवतो. त्यांतील कितीदा त्यांच्या हाती काहीच नव्हते, हे आम्हांस कधी कळणार नाही. एवढे खरे की, त्यांच्यावर भांडी घासण्याची पाळी आजवर आलेली नाही.