सातबारा आणि कॉपी कन्स्ट्रक्टर

“क्लास आणि ऑब्जेक्ट यांत फरक काय?”

सेकंड इयरच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी पहिलाच प्रश्न हा विचारला आणि मी मनातल्या मनात खूश झालो. हे तर पाठ होतं! “सर, क्लास म्हणजे आराखडा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या आराखड्यावरून तयार झालेली वस्तू.” सरांनी मान हलवली आणि माझं जर्नल उघडलं. त्यात मी मोठ्या हौसेनं ‘बैल’ या क्लासवरून ‘बैलगाडी’ हा क्लास इनहेरिट केला होता. का? तर ‘चाल’ नावाचं फंक्शन पुन्हा लिहावं लागू नये म्हणून!

सरांनी शांतपणे विचारलं, “बैलगाडी चारा खाते का?”

मागच्या बाकावरचे दोघं फिदीफिदी हसले. मग सरांनी दुसरा प्रोग्राम रन करायला लावला. स्क्रीनवर उत्तर अगदी बरोबर आलं... आणि संपता संपता प्रोग्राम क्रॅश झाला. “का क्रॅश झाला?” मी म्हणालो, “सर, कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम असेल.”

मित्रांनो, प्रॉब्लेम कॉम्प्युटरचा नव्हता. त्या सेमिस्टरला ओओपी माझा राहिला.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून मराठी माध्यमात शिकून आलेल्या आपल्यासारख्यांना घोकंपट्टीची सवय असते. ‘एनकॅप्सुलेशन’ची व्याख्या मी झोपेतही म्हणून दाखवली असती. पण व्याख्या येणं वेगळं आणि समजणं वेगळं. ते समजलं मला आमच्या मारेगावला, तेही कॉम्प्युटरपासून दूर, कापसाच्या गंजीवर बसून.

रिझल्ट लागला आणि मी वणीहून मारेगावची एसटी पकडली. घरी काही सांगितलं नव्हतं. शेतात शेवटचा वेचा सुरू होता. संध्याकाळी बाबा बँकेतून आले ते चेहरा पाडूनच. माझ्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी ते कर्जाचं विचारायला गेले होते.

“काय म्हणे बँकवाले?” आईनं विचारलं.

“सातबाऱ्यावर बोजा हाय म्हणते.”

“आपलं तं भरलं ना सारं?”

“आपलं भरलं. लहान्याचं राह्यलं.”

लहान्या म्हणजे माझे काका. आजोबा गेल्यावर आठ एकरांची वाटणी झाली, चार बाबांना, चार काकांना. मी मधे बोललो, “पण बाबा, काका तर वेगळे झाले ना?”

बाबा म्हणाले, “वाटणी तोंडानं झाली गा. मधात धुरा टाकला. कागद तं एकच हाय.”

धुरा टाकला, पण कागद एकच! काकांनी घेतलेलं पीककर्ज दोन वर्षं नापिकीमुळे थकलं होतं. त्याचा बोजा सामाईक सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बसला होता आणि त्यामुळे अडले होते बाबा. त्यावरून दोघा भावांचं बोलणं वर्षभर बंद. पोळ्याला बैलसुद्धा वेगवेगळ्या वेळी काढले होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. आणि एकदम तो क्रॅश झालेला प्रोग्राम आठवला. माझ्या क्लासमध्ये नाव ठेवायला एक पॉइंटर होता. मी ऑब्जेक्ट फंक्शनला पाठवला, तेव्हा सी प्लस प्लसनं त्याची कॉपी केली. मी स्वतः कॉपी कन्स्ट्रक्टर लिहिला नव्हता, म्हणून कंपायलरनं आपला साधा कॉपी कन्स्ट्रक्टर वापरला. त्यानं प्रत्येक मेंबर जसाच्या तसा उचलला. पॉइंटरमध्ये नाव नसतं, नावाचा पत्ता असतो. म्हणजे ऑब्जेक्ट झाले दोन, पण दोघांचा पत्ता एकाच मेमरीचा! फंक्शन संपलं, कॉपीचा डिस्ट्रक्टर चालला आणि त्यानं ती मेमरी मोकळी केली. मग मेन संपताना मूळ ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर तीच मेमरी पुन्हा मोकळी करायला गेला... आणि धडाम! यालाच शॅलो कॉपी म्हणतात. धुरा पडला, कागद एकच!

उपाय पुस्तकात होताच. कॉपी कन्स्ट्रक्टर स्वतः लिहायचा, नवी मेमरी घ्यायची आणि मजकूर तिच्यात उतरवायचा. नुसतं तेवढंही पुरत नाही. डिस्ट्रक्टर, कॉपी कन्स्ट्रक्टर आणि असाइनमेंट ऑपरेटर ही तीन भावंडं आहेत. एक लिहावं लागलं की बहुधा बाकीची दोनही लिहावी लागतात. नाहीतर साधा ‘स्ट्रिंग’ क्लास वापरावा, तो ही काळजी स्वतःच घेतो. जावावाल्यांनी हसू नये. जावात मेमरी दोनदा मोकळी होत नाही हे खरं, पण एका ऑब्जेक्टला दोन नावं दिली की एकाचा बदल दुसऱ्याला दिसतोच. बोजा तिथंही चढतो!

मग एकेक गाठ सुटत गेली.

क्लास आणि ऑब्जेक्ट : सातबाऱ्याचा कोरा नमुना म्हणजे क्लास, भरलेला उतारा म्हणजे ऑब्जेक्ट. कोऱ्या नमुन्यावर कोणी कर्ज देत नाही. आपण मात्र ऑब्जेक्ट न बनवताच क्लासवर फंक्शन मारतो आणि एरर आली की कंपायलरला शिव्या देतो.

इनहेरिटन्स : इथं आपल्याला मराठी शब्दच फसवतो. ‘वारसा’ म्हटलं की आपल्याला बापाची जमीन मुलाला मिळणं आठवतं. ओओपीतला वारसा तसा नाही. ‘गाय हे जनावर आहे’ असं म्हणता आलं तरच गाय जनावरावरून इनहेरिट करावी. बैलगाडीला बैल ‘असतो’, बैलगाडी बैल ‘नसते’. अशा वेळी बैलाचा ऑब्जेक्ट गाडीच्या क्लासमध्ये मेंबर म्हणून ठेवायचा. माझी पहिली चूक ही.

एनकॅप्सुलेशन : सगळे मेंबर प्रायव्हेट करायचे आणि लगेच प्रत्येकाला गेटर-सेटर लावायचा, हे आपलं आवडतं काम. म्हणजे दाराला कुलूप आणि किल्ली खिळ्याला! कापसाचं वजन काट्यावरून यावं, कोणाच्याही पेनातून नाही. एका व्यापाऱ्यानं बाबांच्या पावतीवर क्विंटलमागे दोन किलो कमी लिहिलेले मी पाहिले आहेत. वजनाला सेटर असला की असं होतं.

पॉलिमॉर्फिझम : बाबा ‘पेरा’ एवढंच म्हणतात. सोयाबीन तिफणीनं पेरतात, कपाशी टोबतात. हुकूम एक, काम ज्याचं त्याच्या पद्धतीनं. पण सी प्लस प्लसमध्ये बेस क्लासच्या फंक्शनला ‘व्हर्च्युअल’ लावायचं विसरलात, तर बेसच्या पॉइंटरवरून बेसचंच फंक्शन चालणार. म्हणजे कपाशीही तिफणीनं!

नंतर वाचनात आलं की ही कल्पना मुळात खऱ्या जगाची नक्कल करण्यासाठीच निघाली. नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी १९६० च्या दशकात ‘सिम्युला’ भाषा केली. तिच्यातले क्लास बियार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ पासून सी भाषेत आणायला सुरुवात केली, त्याचंच पुढं सी प्लस प्लस झालं. जी कल्पना जगाकडे पाहून सुचली, ती आपण जगाकडे पाठ करून घोकत होतो!

सकाळी मी बाबांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, माझा विषय राहिला. दुसरी, तो का राहिला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे तुह्या कम्प्युटरले बी तलाठी लागते म्हन!”

त्याच दिवशी मी काकांकडे गेलो. रागावतील वाटलं होतं, पण काकूनं चहा ठेवला आणि काका म्हणाले, “मले का हौस हाय का बोज्याची?” पुढच्या आठवड्यात दोघं भाऊ वर्षभरानं एकत्र मारेगावच्या तहसीलमध्ये गेले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ खाली धारण जमिनीचं वाटप करून मिळतं, हे तिथं कळलं. अर्ज, मोजणी, फेरफार... आणि त्याआधी काकांचं कर्ज. दोन हंगाम गेले. माझी त्या वर्षाची फी आईच्या पाटल्यांवर भरली गेली, हेही लिहून ठेवतो.

आज बाबांचा सातबारा वेगळा आहे, काकांचा वेगळा. माझा विषय पुढच्याच परीक्षेत निघाला. पण एक गोष्ट कोणत्याच पुस्तकात सापडली नाही. कॉपी कन्स्ट्रक्टर नवी मेमरी मागतो आणि ती मिळते. जमिनीचं तसं नाही. आठ एकरांची कितीही कॉपी करा, सोळा होत नाहीत, चार-चारच होतात. उद्या आम्हा भावंडांत दोन-दोन.

म्हणून तर मी इथं शिकायला आलो आहे. ओरलला जाताना व्याख्या जरूर पाठ करा, पण प्रोग्राम क्रॅश झाला की ‘कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम’ म्हणू नका. आधी बघा, कागद एकच तर नाही ना?